शिवणाची पिशवी

रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर मी नेहमीप्रमाणे चर्चच्या दाराशी उभा होतो. घरी निघण्यापूर्वी लोक दोन शब्द बोलतात; कुणी आजाऱ्याला भेटायला बोलावतो, कुणी मिस्साची नोंद करण्यासाठी थांबतो. त्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील साठी ओलांडलेल्या एक बाई गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या आणि मग संकोचाने म्हणाल्या, "फादर, एक विचारू? तुम्ही हसाल."

त्यांच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त मुलांनी पैसे जमवून आईवडिलांसाठी मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या पर्यटन-जहाजाची तिकिटे काढली होती. तीन रात्री, चार दिवस. बाईंनी सामानात आपली शिवणाची पिशवी ठेवली होती आणि लेकीने ती बाहेर काढून ठेवली होती. "आई, जन्मभर शिवलंस. आता चार दिवस तरी हात रिकामे ठेव. लोक काय म्हणतील?" बाईंचा प्रश्न एवढाच होता, "फादर, पिशवी नेऊ की नको?"

मी हसलो नाही. पण विचारही केला नाही. म्हणालो, "मुलगी बरोबर सांगते, बाय. विश्रांतीसाठी जाताय ना? मग पिशवी घरीच राहू दे."

"बरं, फादर," असे म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये होकार नव्हता, निमूटपणा होता. तो मला दिवसभर टोचत राहिला.

त्याच आठवड्यात कुटुंबभेटी देत असताना मी त्यांच्या घरी पोहोचलो. ओटीवरच ती पिशवी होती. त्यांनी तिच्यातले काम काढून दाखवले. हाताने शिवलेली, अजून अर्धीच झालेली गोधडी होती ती. लाल तुकडे त्यांच्या आईच्या लुगड्याचे, निळे मुलांच्या शाळेच्या गणवेशाचे आणि एक पांढरा तुकडा थोरल्याच्या बाप्तिस्म्याच्या झबल्याचा. तीस वर्षे या बाईंनी मशीनवर लोकांचे ब्लाउज आणि परकर शिवले. त्या पैशातून मुलांची फी भरली गेली. नाताळ आणि लग्नसराई आली की रात्री एक-एक वाजेपर्यंत त्यांचे पाय मशीनवर असत. पुढे गुडघे थकले, मशीन बंद झाली आणि मग हातात ही सुई आली. "तेव्हाचं शिवण गिऱ्हाइकाचं होतं, फादर," त्या म्हणाल्या, "हे माझं आहे."

आपले उत्तर चुकले हे मला तेव्हाच कळायला हवे होते. खरे सांगायचे तर ते कळले होते. पण दिलेला सल्ला मागे घेणे धर्मगुरूला जड जाते. मी चहा घेतला, आशीर्वाद दिला आणि निघून आलो. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते आज येथे मांडतो आहे.

प्रश्न दिसायला लहान आहे. सहलीला जाताना शिवण बरोबर न्यावे की नेऊ नये, यावर लेख कशाला, असे कुणालाही वाटेल. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडला आहे. विश्रांती म्हणजे नेमके काय? हात थांबले की माणूस विसावतो का? आणि हात चालू असतील तर त्याची विश्रांती भंग पावते का?

सुई आणि विश्रांती यांचे भांडण फार जुने आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या यहुदी 'मिश्ना' ग्रंथात शब्बाथ दिवशी वर्ज्य असलेल्या ३९ कामांची यादी आहे. तीत 'दोन टाके घालणे' हे एक काम आहे आणि दोन टाके घालण्यासाठी कापड फाडणे हे दुसरे. आपल्याला त्याचे हसू येते. परंतु त्या बारकाव्यामागे मिसरच्या दास्यातून सुटलेल्या एका प्रजेची आठवण आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी मुकादमाच्या धाकाखाली विटा पाडल्या, त्यांना आठवड्यातून एक दिवस असा हवा होता की ज्या दिवशी त्यांच्या हातांवर कुणाचीही मालकी चालणार नाही.

आपली ख्रिस्तसभाही या वादापासून अलिप्त नव्हती. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने रविवारी 'दास्यकर्मे' वर्ज्य ठरवली होती. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवणारे वृद्ध प्राध्यापक जुन्या ग्रंथांतील चर्चा मोठ्या रंगतीने सांगत. शरीरकष्टाची ती दास्यकर्मे आणि बुद्धीची ती मुक्तकर्मे, अशी ती विभागणी होती. लिहिणे, शिकवणे, चित्र काढणे रविवारी चालत असे, अगदी मोबदला घेऊनसुद्धा. शिवणे मात्र दास्यकर्मांत मोडत असे, आणि भरतकाम कुठल्या बाजूला घालावे याविषयी शास्त्र्यांत मतभेद होते. गरजेपोटी काम करणाऱ्याला सूट होती, हे मान्य करावेच लागेल. तरीही त्या विभागणीत एक अन्याय होता. पंडिताची लेखणी स्वतंत्र ठरली आणि आईची सुई दासी ठरली. तो निवाडा करणाऱ्यांच्या हाती लेखणी होती, सुई नव्हती, हे आपण विसरू नये.

१९८३ च्या नव्या संहितेने ही विभागणी सोडून दिली. परमेश्वराची उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि तनामनाची योग्य विश्रांती यांना बाधा आणणारी कामे टाळावीत, एवढेच ती सांगते. म्हणजे कसोटी हातांवरून हृदयाकडे सरकली. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, मनुष्य शब्बाथासाठी नाही, या प्रभू येशूच्या शिकवणीकडे आपण वळसा घेऊन का होईना, परत आलो.

मग विश्रांती कशाला म्हणावे? उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, असे आपण वाचतो. देव काही थकला नव्हता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ मे १९९८ रोजी 'दिएस दोमिनी' हे पत्र लिहिले. त्यात ते दाखवून देतात की देवाचा विसावा म्हणजे निष्क्रियता नव्हे. आपल्या हातून झालेल्या चांगल्या निर्मितीकडे आनंदाने, प्रेमाने पाहणे म्हणजे तो विसावा. हाच धागा जर्मन कॅथॉलिक तत्त्वचिंतक योसेफ पीपर यांनी त्यापूर्वी पन्नास वर्षे, १९४८ साली आपल्या छोट्या ग्रंथात उकलला होता. त्यांच्या मते निवांतपणा ही मनाची एक अवस्था आहे. सुट्टी मिळाली म्हणजे ती आपोआप लाभते असे नाही. आळस आणि कामाचा हव्यास ही एकमेकांची विरुद्ध टोके आहेत, असे आपण समजतो. पीपर म्हणतात, ती भावंडे आहेत. दोघांच्याही मुळाशी एकच अस्वस्थता असते. माणसाला स्वतःपाशी आणि आपल्या देवापाशी शांतपणे बसता येत नाही.

या प्रकाशात त्या बाईंचे वाक्य पुन्हा ऐकावे. 'तेव्हाचं शिवण गिऱ्हाइकाचं होतं, हे माझं आहे.' सुई तीच, बोटे तीच, टाकाही तोच. तरी एका शिवणामागे तारीख होती, माप होते, गिऱ्हाइकाची नापसंती होती. दुसऱ्यामागे यांपैकी काहीच नाही. ते कधी पुरे होणार, याची कुणी चौकशी करत नाही. लेकीला वाटले, आई पुन्हा काम घेऊन निघाली. आई मात्र तीस वर्षांच्या कामानंतर गवसलेला आपला विसावा घेऊन निघाली होती. आईच्या लुगड्यावरून, मुलाच्या झबल्यावरून हात फिरवत झाले गेले आयुष्य न्याहाळणे आणि 'चांगले आहे' असे म्हणणे, हे सातव्या दिवसाच्या विसाव्यापासून फार दूरचे नाही.

अरण्यातील तपस्व्यांना हे मर्म ठाऊक होते. पाचव्या शतकात योहान कास्सियान यांनी पौल नावाच्या एका तपस्व्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. तो वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. तेथे केलेले काम बाजारात नेऊन विकणे शक्य नव्हते. वाहतुकीचा खर्चसुद्धा निघाला नसता. तरी तो रोज नेमाने खजुरीची पाने गोळा करून आपले काम करी. वर्षअखेरीस गुहा भरली की ते सगळे जाळून टाकी आणि पुन्हा आरंभ करी. हातांच्या कामाने त्याचे चित्त स्थिर राहत असे, म्हणून तो काम करीत होता. आपल्या घरातील आजी रोझरी म्हणताना मणी ओढते, तेव्हा तिचीही बोटे मनाला असाच आधार देत असतात.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. हातातले काम कधीकधी भिंत होते. समोर बसलेल्या माणसाशी बोलायचे नसते, म्हणून आपण मान खाली घालून काहीतरी करीत राहतो. आपल्या समाजातील कित्येक माउलींना तर रिकामे बसण्याची लाज वाटते. घरचे सगळे जेवले तरी त्या उभ्याच. कुणी बसा म्हटले तर पदराने टेबल पुसू लागतील. काहीतरी केल्यावाचून आपल्याला बसण्याचा हक्क नाही, अशी समजूत लहानपणापासून त्यांच्या मनात रुजवलेली असते. अशा बाईने शिवणाची पिशवी बरोबर घेतली, तर ती छंद घेऊन निघाली की जुने जोखड घेऊन, हे विचारायलाच हवे. लेकीच्या बोलण्यात ही काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पुरुषांनी यावर हसू नये. मी स्वतः सुट्टीवर जाताना पॅरिशची फाईल बॅगेत घालतो, तेव्हा ती कामाच्या निकडीपेक्षा 'माझ्यावाचून अडते' या समाधानासाठीच अधिक असते.

समुद्रावरच्या सुईची एक खरी हकीकत या दोन्ही बाजू एकत्र दाखवते. ५ एप्रिल १८४१ रोजी 'राजा' नावाचे जहाज इंग्लंडमधील वुलिच येथून निघाले आणि १९ जुलै रोजी टास्मानियातील होबार्ट बंदराला लागले. त्यावर सुमारे १८० स्त्रिया होत्या. त्या सहलीला निघालेल्या नव्हत्या; शिक्षा झालेल्या, देशाबाहेर पाठवलेल्या कैदी होत्या त्या. तुरुंगातील स्त्रियांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय या क्वेकर पंथीय बाईंच्या मंडळाने अशा स्त्रियांना प्रवासासाठी सुया, दोरे, अंगुस्तान, कात्री आणि कापडाचे तुकडे देण्याची प्रथा पाडली होती. साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात काही जणींनी मिळून २,८१५ तुकडे जोडून एक भव्य गोधडी तयार केली. तिच्या मध्यभागी पक्षी आणि फुले आहेत. १९८९ पासून ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. गोधडीवर टाक्यांनीच लिहिलेल्या मजकुरात त्या मंडळातील स्त्रियांचे आभार मानले आहेत आणि उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेश आम्ही विसरलो नाही, अशी ग्वाहीही दिली आहे.

ती ग्वाही वाचताना मन दुभंगते. एकीकडे 'आम्ही रिकाम्या बसलो नाही' हे वरिष्ठांना पटवून देण्याची धडपड आहे. तेच जुने जोखड. दुसरीकडे ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही उरले नव्हते, त्यांनी अथांग पाण्यावर एकत्र बसून काहीतरी सुंदर घडवले, हेही आहे. कुठला टाका धाकाचा आणि कुठला आनंदाचा, हे कापडावरून ओळखता येत नाही. ते ज्याचे त्यालाच आपल्या अंतरात पाहावे लागते.

पर्यटन-जहाजाविषयी बोलताना आणखी एका सुईची आठवण ठेवली पाहिजे. मोठ्या जहाजांवर पडदे, गाद्यांच्या खोळी आणि नोकरवर्गाचे गणवेश शिवणारे, दुरुस्त करणारे कारागीर असतात. वरच्या मजल्यावर एखादी बाई हौसेने टाके घालत असते, तेव्हा खालच्या मजल्यावर कुणीतरी पगारासाठी टाके घालत असतो. आपल्या वसईतील आणि गोव्यातील कितीतरी मुले अशा जहाजांवर स्वयंपाकघरात, भोजनगृहात, धुलाईखान्यात राबतात. आपल्यापैकी अनेकांची घरे त्या कष्टांवर उभी आहेत. २०१३ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली आहे. जेथे विश्रांतीच्या तासांचा हिशेब धरला जातो, तेथे चोवीस तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी, असा त्यात नियम आहे. आठवड्याचे तास १६८ असतात. उरलेल्या तासांची वजाबाकी वाचकांनी स्वतःच करावी.

अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा सांगताना आपल्याप्रमाणेच आपल्या दासदासींनाही विसावा मिळावा, असे कारण दिले आहे. म्हणजे दुसऱ्याच्या विश्रांतीची काळजी ही आपल्या विश्रांतीची अट आहे. खलाशांची काळजी घेण्यासाठी १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले आणि आज 'स्टेला मारिस' या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्तसभेचे सेवाकार्य हीच आज्ञा पाळत आले आहे. जहाजाने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ते सेवाकार्य करता येणार नाही. पण खोली आवरणाऱ्या मुलाचे नाव विचारणे, त्याच्या घरची चौकशी करणे कुणालाही जमेल. ज्या विश्रांतीत सेवा करणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, ती विश्रांती नव्हे. तो केवळ विकत घेतलेला आराम.

तर मग पिशवी न्यावी की नेऊ नये? मला वाटते, याचे उत्तर गालील सरोवराच्या काठी मिळते. संत मार्क सांगतात की, प्रभू येशूने याकोब आणि योहान यांना पाहिले तेव्हा ते तारवात बसून जाळी दुरुस्त करीत होते. आपल्या किनाऱ्यावर आजही हे दृश्य दिसते. जाळ्याच्या फाटक्या डोळ्यांतून सुई फिरत असते आणि गप्पा चालू असतात. त्यांचे हात रिकामे नव्हते. पण त्यामुळे प्रभूची हाक त्यांना ऐकू आली नाही, असे झाले नाही. हाक आली आणि त्यांनी हातातले काम खाली ठेवले. हीच खरी कसोटी आहे. प्रश्न हातात काय आहे हा नाही. ते खाली ठेवता येते का, हा आहे. नातवंड जवळ आले, जोडीदार बोलू लागला, सूर्य मावळताना समुद्र सोनेरी झाला, प्रार्थनेची वेळ झाली, तर सुई टोचून ठेवता आली पाहिजे. जे काम खाली ठेवता येते ते आपले. जे ठेवता येत नाही, त्याचे आपण.

हे सगळे मला उशिरा सुचले. जहाज जाऊन परत आले. पुढच्या रविवारी बाई पुन्हा दाराशी थांबल्या आणि खाली पाहत म्हणाल्या, "फादर, तुमचं ऐकलं नाही. पिशवी नेली होती."

"बरं केलंत," मी म्हणालो आणि माझे मलाच हलके वाटले.

पूर्ण गोधडी त्यांनी नेली नव्हती. एकच चौकोन, एक रीळ आणि लहान कात्री एवढेच सामान होते. अनेक जहाजांवर चार इंचांहून लांब पात्याची कात्री चालत नाही, हे मुलाने आधीच बजावले होते. "किती शिवून झालं?" मी विचारले.

"वीतभरसुद्धा नाही," त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर बसून त्या सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करीत होत्या. वाऱ्याने दोरा हलत होता आणि चष्म्यातून नेढे दिसत नव्हते. शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी काही न बोलता सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. मग मांडीवरच्या लाल तुकड्याकडे बोट दाखवून विचारले, "हे तुझ्या आईचं ना?" आणि तिथून जे बोलणे सुरू झाले ते जेवणाची वेळ होईपर्यंत संपले नाही. सुई तशीच कापडाला टोचून राहिली.

"चाळीस वर्षांत त्यांनी कधी सुईला हात लावला नव्हता, फादर," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठे वेळ होता त्यांना ओवून द्या म्हणायला?"

त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापूर्वी गोधडी पुरी करायची आहे, असे सांगून त्या पायऱ्या उतरून गेल्या. खाली त्यांचे यजमान छत्री घेऊन त्यांची वाट पाहत उभे होते.